ताईंच्या अहवालाचं दुसरं पान

आमच्या रक्तपेढीत ताईंना सगळे माघारी ‘प्लगवाल्या’ म्हणायचे. नवं यंत्र आलं की त्या ते कामाला जुंपायच्या आणि ऐन भरात भिंतीतला प्लग खेचायच्या. “चालू असताना सगळीच शहाणी दिसतात,” म्हणायच्या. आम्ही हसायचो.

नोंदींसाठी नवा डेटाबेस घ्यायचं ठरलं, तेव्हा तुलनेचं काम ताईंकडेच आलं. एक डेटाबेस सगळं मेमरीत ठेवायचा आणि तासातून एकदा डिस्कवर उतरवायचा. दुसरा प्रत्येक नोंद डिस्कवर लिहून मगच ‘झालं’ म्हणायचा. दहा हजार नोंदींना मेमरीवाल्याला दोन सेकंद लागले, डिस्कवाल्याला पन्नास. ताईंनी पहिल्या पानावर मेमरीवाल्याचं तोंडभरून कौतुक केलं. मग सवयीप्रमाणे प्लग खेचला. डिस्कवाल्याच्या नोंदी जागच्या जागी होत्या, मेमरीवाल्याची पाटी कोरी. ते दुसऱ्या पानावर गेलं: ‘रक्तासाठी डिस्कवालाच घ्यावा.’ ताई हाताने लिहायच्या, टाइप मी करायचे. दोन्ही पानांवर त्यांनी सही केली.

आमच्या रक्तपेढीच्या साहेबांना हे काम ताईंनीच हाताला धरून शिकवलेलं. पण त्यांना वरच्यांपुढे वेग दाखवून भाव खायचा होता.

“पहिलं पान तेवढं वर पाठव,” ते मला म्हणाले. “ताईंशी मी बोलतो.”

मी पाठवलं. ताईंशी ते बोललेच नाहीत, आणि मेमरीवाला डेटाबेस आला.

दोन महिन्यांनी भर दुपारी वीज गेली आणि बॅटरीनेही मान टाकली. बत्तीस रक्तदात्यांच्या नोंदी उडाल्या. फ्रिजमध्ये त्यांच्या रक्ताच्या पिशव्या होत्या, पण कुठली कुणाची ते सांगता येईना. सगळ्या फेकाव्या लागल्या.

चौकशीत साहेबांनी एकच पान पुढे सरकवलं. “सही ताईंची आहे. आम्ही विश्वास ठेवला.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतका निर्लज्ज माणूस मी पाहिला नव्हता. ताईंची पंचवीस वर्षांची नोकरी त्या एका कागदावर टांगली होती, तरी त्यांनी आवाज चढवला नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

“दुसरं पान तूच टाइप केलंस ना गं? सांग त्यांना.”

साहेबही माझ्याकडेच बघत होते. मला कायम करायचा कागद त्यांच्या टेबलावर पडून होता.

“आठवत नाही, ताई,” मी म्हणाले.

ताईंची नोकरी त्याच आठवड्यात गेली. त्यांचं टेबल मला मिळालं. त्यांच्या हातचं दुसरं पान माझ्या खणात आहे.