डेरिकची मोजणी

इंग्लंडमधलं खेडं म्हटलं की लोकांना हिरवळ आठवते. डोंबलाची हिरवळ! कॉव्हेंट्रीबाहेरच्या आमच्या गावात दुपारी चारला अंधार, पायात ओले मोजे, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला तिथे आवडायचा तो एकटा डेरिक.

शाळेसमोर लॉलीपॉपसारखी गोल पाटी आडवी धरून गाड्या थांबवायच्या आणि पोरांना रस्ता ओलांडून द्यायचा, हे त्याचं काम. मोटारीच्या कारखान्यातून रिटायर झालेला, बायको गेलेली, मूलबाळ नाही. "शनिवार-रविवार घर खायला उठतं बघ," असं तो मला, नऊ वर्षांच्या पोरीला, सांगायचा. हातात पाटी असली की ताठ चालायचा. एरवी दुकानात दिसला तर ओळखू यायचा नाही, इतका खचलेला.

२००४च्या नोव्हेंबरात तो मला म्हणाला, "कस्तुरी, गुरुवारी कौन्सिलची बाई रस्ता ओलांडणारी पोरं मोजायला येणार आहे. पंधरा भरली नाहीत तर माझं काम बंद. तुमच्या गल्लीत सगळ्यांना चालत यायला सांग हं."

घरी येऊन मी काय सांगितलं? "आई, गुरुवारी डेरिकचं इन्स्पेक्शन आहे." बस्स. टीव्ही चालू होता ना!

आई वर्ध्याच्या हेडमास्तरांची मुलगी. इन्स्पेक्शन म्हणजे साहेबापुढे गडबड नको, सगळं कसं शिस्तीत दिसलं पाहिजे. "अगंबाई! मग त्या दिवशी रस्त्यावर गर्दी नको. बिचाऱ्याची फजिती व्हायची." गुरुवारी तिने आमच्या सात सीटच्या गाडीत गल्लीतली पोरं कोंबली, मला धरून सहा, आणि मागच्या गेटने शाळेत सोडली. बाहेर पाऊस, आत हीटर. मला तेव्हा आठवलं. हो, नीट आठवलं! पण भिजायचं कोणी? मी गप्प बसले.

जानेवारीत शाळेच्या बोर्डावर कौन्सिलचं पत्र लागलं. मुलं मोजली नऊ. ईस्टरनंतर डेरिकचं काम बंद.

तेव्हा मी रडत रडत आईला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "करायला गेले एक," एवढंच पुटपुटली. मग कौन्सिलला तीन पत्रं लिहिली. उत्तर एकच आलं, की पुन्हा मोजणी तीन वर्षांनी.

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही त्याच्या घरी गेलो. भर दुपारी तो ड्रेसिंग गाउनमध्ये होता. आईने उभ्या उभ्याच सांगितलं, की सहा मुलं माझ्या गाडीत होती, चूक माझी.

"म्हणजे पोरं होती," डेरिक म्हणाला. "मला वाटलं, माझ्यासाठी कुणाला चालत यावंसंच वाटलं नाही." मग माझ्याकडे वळून, "तू आईला सांगितलं होतंस ना गं?"

मी आईकडे बघितलं.

"सांगितलं होतं तिने," आई म्हणाली. "अगदी सगळं सांगितलं होतं. मीच लक्ष दिलं नाही."

डेरिकने मान हलवली. आईला त्याने बसासुद्धा म्हटलं नाही. मला मात्र डब्यातून बिस्किट काढून दिलं, आणि मी ते तिथेच, आईसमोर, खाल्लं.