पाव सेकंद

आमच्या रेडिओ स्टेशनवर सगळे त्याला सायलेन्सर म्हणायचे. नाव कुणी ठेवलं विचाराल, तर मीच ठेवलं. जिभेला हाड नसलेली बाई मी. बावीस वर्षं दुपारच्या कार्यक्रमात लोकांशी फोनवर गप्पा मारायचा पगार घेतेय. आणि हा आमचा तंत्रज्ञ, चार शब्द बोलायचे तर त्यातले दोन घशात अडकायचे. नाव ऐकून तो हसला होता, म्हणून ते चिकटलं. आज वाटतं, आपणच आपल्या थोबाडीत मारून घ्यावी.

लहानपणी वर्गात हजेरी घेताना 'हजर' म्हणायला त्याला इतका वेळ लागायचा की मास्तर तोवर पुढच्या नावावर गेलेले असायचे. वर्षभर पहिल्या बाकावर बसून पठ्ठ्या वहीत गैरहजर! मग शाळा सुटली आणि तो एका दुकानात रेडिओ दुरुस्त करायला लागला. रेडिओ बिचारे उलट काही विचारत नाहीत. आमच्याकडे मुलाखतीला आला तेव्हा नाव सांगता सांगता घामाघूम झाला. त्या खोलीतला स्पीकर घूंऽऽ करत होता. हा उठला, कुणाला न विचारता मागची वायर बदलली, स्पीकर गप्प. नोकरी लागली. लग्नाच्या वेळी मध्यस्थाने मुलीकडच्यांना सांगितलं, "मुलगा मितभाषी आहे." त्याची बायको मला म्हणायची, "ताई, मितभाषी म्हणजे काय ते मला लग्नानंतर कळलं." पण हसत म्हणायची. बोलणाऱ्याची बोरंसुद्धा विकली जातात म्हणतात. याचे आंबे पडून होते आणि तिला ते ठाऊक होतं.

त्याचं काम काय, तर आमचा आवाज हवेत जाण्याआधी त्याला नीट कपडे घालायचे. कुजबुज वर उचलायची, किंचाळी खाली दाबायची, शेवटी सगळं एका उंचीला आणायचं. आधी हे काम एक लोखंडी पेटी करायची. ती म्हातारी झाली आणि कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर आलं. दोघांतला फरक त्याने मला कागदावर लिहून समजावला, कारण लिहिताना तो कुठेच अडायचा नाही. 'पेटी आवाज आला की लगेच दाबते. सॉफ्टवेअर आधी थांबून पुढचं ऐकतं, मग ठरवतं, मग पाठवतं. जितकं थांबू द्याल तितकं शहाण्यासारखं वागतं.' आणि खाली रेघ मारून: 'मोठा आवाज, स्वच्छ आवाज, लगेच आवाज. तिघांतले दोनच मिळतील.'

मॅनेजरला मोठा हवा होता. बटण फिरवत येणारा माणूस सगळ्यात मोठ्या आवाजापाशी थांबतो, ही त्याची श्रद्धा. स्वच्छ तर ऐकणाऱ्यांना हवाच. मग बळी कुणाचा? 'लगेच'चा. आमचा आवाज पाव सेकंद उशिरा जायला लागला. घरी बसून ऐकणाऱ्याला त्याचं काय! पण आम्ही हेडफोनमध्ये हवेत जाणारा आवाजच ऐकतो. मी 'नमस्कार' म्हणायचे आणि 'कार'पर्यंत पोचेपर्यंत कानात 'नम' यायचं. स्वतःचंच बोलणं मागून ढकलत येतं. जीभ थबकते, पुन्हा उचलते, शब्दावर शब्द चढतो. बावीस वर्षांत न अडखळलेली मी, पहिल्याच दिवशी 'हवामान' म्हणताना तीनदा घसरले. हेडफोन काढून ठेवावा, तर फोनवरच्या माणसाचं बोलणं त्यातूनच यायचं. मी थयथयाट केला. लेखी तक्रार ठोकली.

स्टुडिओतल्या दोन्ही हेडफोनांची, माझ्या आणि त्याच्या, वायर एकच होती, पुढे जाऊन तिला दोन फाटे. दोघांच्या कानात वेगवेगळा आवाज सोडणारं एक छोटंसं यंत्र मिळतं. त्याने त्यासाठी अर्ज केला. अर्जावर शेरा पडला: 'तूर्त गरज नाही.' मग त्याने चार दिवस बसून सॉफ्टवेअरमध्ये दुसरी मांडणी केली. तिच्यात आवाज थोडा फाटायचा, पण लगेच यायचा. एक नंबरवर मॅनेजरचा झोकदार, उशिरा येणारा आवाज आणि दोन नंबरवर माझा. माझ्या कार्यक्रमापुरता तो गुपचूप दोन नंबर लावायचा. "चला, आपला दोन नंबरचा धंदा सुरू," असं म्हणून मी खुर्चीत बसायचे.

एक दिवस मी वेळेच्या तासभर आधी गेले. रेकॉर्डिंगच्या खोलीत तपासणीसाठी तेच सॉफ्टवेअर ठेवलेलं होतं. दार किलकिलं होतं आणि आत एक पुरुष भिंतीवरचं पत्रक वाचत होता. आग लागल्यास नळकांडं कसं उचलायचं, पिन कशी ओढायची, वाऱ्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं. खर्जातला, भरलेला, कसलीही घाई नसलेला आवाज. मला वाटलं नवा निवेदक आला आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. तावातावाने दार ढकललं, तर हा! कानाला हेडफोन, डोळे पत्रकावर.

"ताई, घाबरू नका," तो म्हणाला. एका दमात म्हणाला. "आपलाच आवाज उशिरा कानावर पडला की माझी जीभ अडत नाही. का ते मला माहीत नाही. तुमची अडते, माझी सुटते."

त्याने हेडफोन काढला आणि 'च' वर अडकला. चहा घेणार का, एवढंच विचारायचं होतं त्याला. शेवटी बोटांनी कप दाखवला.

नंतर त्याने लिहून सांगितलं. रेकॉर्डिंग करून घरी नेलं होतं. बायको रडली. आईने विचारलं, 'कोण रे हा?' मी म्हटलं, अरे मग घरीच असं काहीतरी लावून बोल ना. त्यावर त्याने लिहिलं, 'जेवताना, भाजी घेताना, मुलींच्या शाळेत, सगळीकडे हेडफोन? आणि घरी लावला की मुली हसतात.' मग खालच्या ओळीत, 'रेडिओवर मात्र हेडफोन लावलेला माणूस कुणाला वेडा वाटत नाही.'

त्यानंतर दोन महिन्यांत मालकांचा हुकूम आला. दुपारी स्टुडिओत एकच माणूस बसेल. तोच बोलेल, तोच मशीन सांभाळेल. निवेदिका वेगळी आणि तंत्रज्ञ वेगळा, हे लाड बंद. मॅनेजर म्हणाला, "तुम्हाला मशीन येत नाही, त्याला बोलता येत नाही. दोघंही शिकून घ्या, मग मिळून अर्धा तास थेट कार्यक्रम करा. मी काचेपलीकडे बसतो. ज्याचं चांगलं, तो राहील." म्हणजे एक राहणार आणि एक जाणार. माझं वय बावन्न. नवऱ्याची गिरणी बंद पडून सात वर्षं झालेली. त्याच्या घरी आई, बायको, दोन मुली. कुणाचं पारडं जड, ते तुम्हीच बघा. मला बघवत नव्हतं.

मशीन चालवायला मला त्यानेच शिकवलं. होय, त्यानेच! रोज अर्धा तास, कागदावर बाण काढून, न कंटाळता. एक नंबर कुठे, दोन नंबर कुठे, आवाज वाढवला की काय फाटतं. मी त्याला बदल्यात काय शिकवणार होते? बोलायला?

आदल्या दिवशी मीच म्हणाले, "उद्या एक नंबर लाव. मी बावीस वर्षं बोलतेय, अर्धा तास हळूहळू बोलेन, सांभाळून घेईन. होऊ दे बरोबरीची लढत." तो नाही नाही म्हणत होता. मी त्याला गप्प केलं, त्याला गप्प करायला कितीसा वेळ लागतो! तेव्हा मला ते मनापासून वाटत होतं, शपथेवर सांगते. पण उसनं अवसान किती टिकायचं?

दुसऱ्या दिवशी दोन वाजता लाल दिवा लागला आणि तो बोलला. "नमस्कार. आज तुमच्यासोबत आम्ही दोघं आहोत." माझ्या अंगावर काटा आला. पहिला फोन एका आजींचा. त्याने त्यांच्या बिघडलेल्या पंख्याची चौकशी केली, कुठला स्क्रू आवळायचा ते सांगितलं. आजी म्हणाल्या, "हा मुलगा कोण गं? रोज येऊ दे याला." काचेपलीकडे मॅनेजरच्या भुवया वर गेल्या.

माझं मात्र पहिल्या मिनिटापासून घसरायला लागलं. हळू बोलायचं ठरवलं होतं, पण सवयीची जीभ हळू बोलत नाही. "आपण कु… कुठून बोलता… बोलताय?" मॅनेजर वहीत काहीतरी लिहायचा. मी आणखी घाबरायचे, आणखी अडायचे. आठव्या मिनिटाला फोनवरच्या एका गृहस्थांनी काळजीने विचारलं, "ताई, आज बरं नाही का?" मॅनेजरने पुन्हा लिहिलं.

मी त्याच्याकडे पाहिलं.

फक्त पाहिलं. तोंडाने एक अक्षर बोलले नाही. पण ज्या माणसाचं सगळं आयुष्य लोकांच्या चेहऱ्याकडे बघून चाललंय, त्याला तेवढं पुरतं. आणि हे मला पाहण्याआधी माहीत होतं. तो जरासा हसला. हात माऊसवर गेला. दोन नंबर.

कानातला आवाज थोडा फाटका झाला आणि माझ्याबरोबर चालायला लागला. माझी जीभ मोकळी झाली. मी त्या गृहस्थांना म्हटलं, "तुम्ही फोन केलात, आता एकदम बरं वाटलं बघा!" ते खो खो हसले. मॅनेजरने त्याला खूण केली, आता तू धन्यवाद म्हण. त्याने तोंड उघडलं आणि 'ध' वर अडला. गळ्याच्या शिरा फुगल्या. ध, ध, आणि मग नुसता श्वास. रेडिओवर चार सेकंद कुणी बोललं नाही तर स्टेशन बंद पडलं असं लोकांना वाटतं. पाचव्या सेकंदाला मी तो शब्द त्याच्या तोंडातून काढून घेतला आणि पुढे धावले. राहिलेला सगळा वेळ मीच बोलले. इतकी छान मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

माऊस त्याच्या हाताखाली होता. तो परत एक नंबर लावू शकला असता, लावला नाही. माझाही हात तिथवर पोचत होता. एक नंबर कुठे असतो ते मला त्यानेच शिकवलं होतं.

संध्याकाळी मी मॅनेजरच्या खोलीत गेले. हेडफोनचं ते छोटं यंत्र मागवा म्हणाले, मग बघा तो कसा बोलतो. मॅनेजर समजुतीने म्हणाला, "अहो मॅडम, आता माणूसच एक बसणार. दोन वेगळे हेडफोन कशाला?" तुम्ही विचाराल, मी माझी खुर्ची सोडते असं म्हटलं का? नाही म्हटलं. खोटा मोठेपणा कशाला सांगू? म्हणायचं असं ठरवून गेलेसुद्धा नव्हते.

तो महिनाअखेर गेला. निरोपाला समोसे मागवले होते, कुणीतरी भाषण केलं, त्याने हात जोडले. मी आता दोन नंबरवर एकटीच बसते. मॅनेजरने आवाज आणखी मोठा करायला लावलाय, त्यामुळे स, श सगळे चिरफाळल्यासारखे ऐकू येतात. कसं सुधारायचं ते मला येत नाही, आणि विचारायला कुणी नाही.

पंधरा दिवसांनी त्याची बायको आली, अनुभवाचा दाखला न्यायला. हा स्वतः का आला नाही विचारलं, तर म्हणाली, "पडून असतात. पूर्वी चार तरी शब्द बोलायचे, आता तेही नाही. दुरुस्तीच्या दुकानात विचारून आले होते. रेडिओ आता दुरुस्तीला येतच नाहीत म्हणे." मी तिला पाणी दिलं. तिने दाखला दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. उठली आणि पुन्हा बसली.

"ताई, एक विचारू? त्या दिवशी आम्ही सगळ्या ऐकत होतो. सासूबाई रेडिओ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आमचे बाबा बोलताहेत म्हणून पोरी शेजाऱ्यांना हाका मारून आल्या, घर भरलं होतं. इतकं छान चाललं होतं हो. मग एकदम काय झालं?"

ती माझ्याकडे बघत होती. मी खिडकीकडे पाहिलं.

"मशीन बिघडलं," मी म्हणाले. "मधेच बिघडलं."

"हो," ती म्हणाली, "हेही तेच म्हणाले. सासूबाईंनी विचारलं, मशीन लावलं होतं कुणी? तर म्हणाले, मीच."