साडूंनी पुन्हा पाहिलेला पिच्चर

आमचे लोहाऱ्याचे साडू आयुष्यात जितक्या वेळा बदलले, तितक्या वेळा तालुक्याचे तहसीलदारही बदलले नसतील. सिनेमातला नायक त्यांच्या अंगात शिरायचा, आणि मग "त्यो एवढा सुधारला, आपलं काय?" म्हणत ते स्वतःला त्याच्या मापानं मोजायला बसायचे. एकदा पश्चात्ताप झालेला दरोडेखोर पाहून आले आणि दुसऱ्या दिवशी काळीपिवळी जीपमध्ये त्यांनी सगळ्या अनोळखी माणसांची हात जोडून माफी मागितली. शेजारची म्हातारी उतरेपर्यंत स्वतःच्या पिशवीवर बसून राहिली. पुढं कधीतरी मितभाषी नायक बघितला आणि बोलणंच सोडलं. त्या आठवड्यात माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, भलतीच टवटवीत दिसत होती. मला हळूच म्हणाली, "असला पिच्चर आजून कुठं लागलाय का बगा की." कादंबरी तर ते शेवटच्या पानापासून वाचायचे. माणूस बदलणारच नसंल तर आधीची पानं कशापायी वाचायची, हा त्यांचा सवाल.

लेकीच्या बाबतीत मात्र कुठल्याच नायकाची मात्रा चालेना. तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं, सोलापुरात संसार थाटला, आणि साडूंनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिचा फोन आला की बायकोला मोठ्यानं सांगायचे, "खोकला बरा हाय का इचार तिला. म्या इचारलं म्हणून सांगू नगंस."

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडं असताना टीव्हीवर त्यांचा तरुणपणीचा लाडका सिनेमा लागला. पोरगा बापाशी भांडून घर सोडतो, तसे साडू ताडकन उठले.

"बापाचं काय चुकलं म्हंतो म्या? कारटं लई माजलंय!"

"ह्याच जागी शिट्ट्या मारल्या व्हत्या तुमी," मेहुणी म्हणाली. "लगीन झाल्यावर कवतिकानं सांगत व्हता."

"तवा म्या पोरगा व्हतो."

"मंग पिच्चर बदलला का तुमी?"

साडू परत खाली बसले. पिच्चरच्या शेवटी तो बाप पोराच्या दारात जाऊन उभा राहतो. साडू पडद्याकडं बघतच राहिले. "ह्यो सीन तवा नव्हताच," ते म्हणाले. "मागनं घातलाय."

सकाळी त्यांनी तुरीच्या शेंगांची पिशवी भरली आणि मला म्हणाले, "पाव्हणं, चला सोलापूरला." जळकोटला गाडी बदलली, तरी त्यांचा त्या बापाच्या संवादाचा सराव चालूच. सोलापुरात लेकीचं दार वाजवलं, ते उघडलं, आणि साडूंनी डोळे मिटून सगळा संवाद एका दमात म्हणून टाकला. डोळे उघडले तर समोर अर्धी दाढी केलेला जावई! तो बिचारा फेसासकट पाया पडला. आतून लेक आली, हसता हसता रडायला लागली, आणि साडूंना आता त्या संवादातला एकही शब्द आठवेना. "शेंगा उकडून खा," एवढंच म्हणाले.

परतताना लेकीनं दिलेला डबा त्यांनी वर ठेवू दिला नाही. नळदुर्ग मागं पडलं तरी तो मांडीवर तसाच होता, झाकणावर हात.

"पिच्चरमधल्या बापाला तीन तास पुरलं, पाव्हणं," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मला उगंच इतकी वर्षं लागली."

डबा अजून गरम होता.