मन्नूबियाखालाची बरणी

मन्नूबियाखालाने बावीस वर्षं आमच्या ट्यूनिसच्या विमानतळावर फरशी पुसली, आणि एवढ्या काळात ती एकदाही विमानात बसली नाही. पण हातातली बॅग घेऊन तपासणीतून सुखरूप कसं निघावं, हे तिच्याइतकं कुणालाच कळत नसे. यंत्राच्या पडद्यासमोर बसणाऱ्या मलासुद्धा नाही, आणि मी स्वतःला काही कमी समजत नाही.

पुसण्याचा दांडा भिंतीला टेकवून ती रांगेच्या कडेने फिरायची.

"ए भाऊ, पट्टा आत्ताच काढ. तिथे जाऊन पँट सावरत बसशील! बाई, बांगड्या पर्समध्ये टाका. आणि तुम्ही आजोबा, पिशवीत मिरचीची चटणी आहे ना? वास इथवर आलाय."

साहेब असो की नवरदेव, सगळे निमूट ऐकायचे. हातातल्या बॅगेत पातळ पदार्थ न्यायचा तर शंभर मिलीच्या आतल्या बाटल्यांतच, असा नियम; आणि पातळ काय, घट्ट काय, यावर लोक आमच्याशी तासन्‌तास हुज्जत घालतात. खालाची कसोटी एकच: "बरणी आडवी कर. आतलं जरा जरी सरकलं, तर ते पाणीच समज."

कॅफेत मुरंब्याच्या इवल्याशा बाटल्या रिकाम्या व्हायच्या. त्या धुऊन, पुसून ती माझ्या टेबलाखालच्या खोक्यात ठेवायची. लेकराकडे निघालेल्या एखाद्या आईची मोठी बरणी अडली, की खाला तिला रांगेबाहेरच्या बाकावर बसवून मध नाहीतर चटणी त्या बाटल्यांत भरून द्यायची. मी करवादायचे, "खाला, हे काय तुझं स्वयंपाकघर आहे?" ती म्हणायची, "तू तुझा पडदा बघ गं." आम्हा सगळ्या पोरींचा तिच्यावर फार जीव होता.

ती निवृत्त झाली. गेल्या वर्षी तिची एकुलती एक लेक हाजर मार्सेलला बाळंत झाली, आणि खाला प्रथमच प्रवासी म्हणून आमच्या रांगेत उभी राहिली. स्वस्तातलं तिकीट, सोबत फक्त हातातली बॅग. पायांत बिनलेसचे बूट, बांगड्या आधीच काढलेल्या, औषधं पारदर्शक पिशवीत. विमानाला तीन तास अवकाश. पुढच्या माणसाला पट्ट्यावरून दटावून झालंच होतं.

तिची बॅग यंत्रात गेली आणि मी सरकता पट्टा थांबवला. पडद्यावर भली मोठी बरणी होती.

"खाला, हे काय?"

"झरीर. बाळंतिणीला दुसरं काय नेतात?"

तीळ, बदाम, पिस्ते भाजून कुटायचे आणि मधातुपात घोटायचे. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाशी झरीर नसेल, तर तिला कुणी नाही असं लोक समजतात.

"नियमात बसत नाही, खाला."

"अगं, पाणी आहे का हे? चमचा उभा राहतो त्यात!"

मी बरणी आडवी केली. झरीर सावकाश झाकणाकडे सरकला. दोघी बघत राहिलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! एरवी मी तिला पुरती चिडवली असती, पण तिचा चेहरा पाहून बरणी नुसती उभी करून ठेवली.

"मला ठाऊक होतं," ती हळूच म्हणाली. "पण हाजरच्या वेळी माझ्या आईने बंद बरणी आणली होती. पहिला चमचा बाळंतिणीचाच, तोवर कुणी चव घ्यायची नाही. माझी पोर तिथे परक्या देशात एकटी पडलीय गं. वाटलं, एवढं तरी घरच्यासारखं व्हावं."

आणि ती रडायला लागली. बावीस वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

मला बरणी सोडून द्यायची होती, खरंच सांगते. ते तिने माझ्या तोंडावरून ओळखलं.

"खबरदार! माझ्यापायी नोकरीवर लाथ मारशील तर थोबाडीन."

मी टेबलाखालचं खोकं ओढलं. तिच्या आठ बाटल्या तशाच होत्या. टाकायला कुणाचा हातच झाला नव्हता.

खाला त्याच जुन्या बाकावर बसली. कॅफेतून चमचा आणवला. पहिली बाटली भरून तिने झाकणाला ओढणीची दशी बांधली. "ही हाजरची. आधी ही उघडायची." आठही भरल्या, पारदर्शक पिशवीत दाटीवाटीने बसल्या. चमचा तिने कागदाला पुसला, चाटला नाही. बरणीत पाऊणएक वाटी झरीर उरला होता. ती माझ्या हातात देत म्हणाली, "हे तुम्हा पोरींना. पण माझा फोन आल्याशिवाय बोट लावायचं नाही."

बॅग पुन्हा यंत्रातून गेली. आठ बाटल्या पडद्यावर शहाण्यासारख्या उभ्या होत्या.

दिवसभर बरणी टेबलाखाली राहिली. आमचे नजीबसाहेब, जे कधी कुणाला नावानेही हाक मारत नाहीत, तेसुद्धा दोनदा येऊन विचारून गेले, "फोन आला का?"

संध्याकाळी आला. मागे बाळ कोकलत होतं, आणि खाला त्याच्या वरताण ओरडत होती, "खाल्ला गं! दशी सोडून स्वतःच्या हाताने खाल्ला! म्हणते, घरचाच वास आहे. आता खा पोरींनो, खा!"

आम्ही पाच जणी आणि साहेब, उभ्याउभ्या एकाच चमच्याने खाल्ला. साहेबांनी बरणीच्या कडा बोटाने पुसून चाटल्या. मग मी सवयीने बरणी आडवी केली. काहीच सरकलं नाही.