दुमडलेलं थोटूक

रोज सकाळी मी आणि वहिनी टेकडीवर फिरायला जातो. तिथल्या बाकाभोवती सिगारेटची थोटकं नेहमीच पडलेली असतात. परवा मात्र वहिनी तिथे थबकल्या.

एक थोटूक मधोमध दुमडून दगडावर ठेवलेलं होतं आणि त्यातून अजून धूर येत होता. माझा दादा सिगारेट अशीच दुमडायचा. त्याला जाऊन आता दोन वर्षं होतील.

"असं दुमडणारे पुष्कळ असतात, वहिनी," मी म्हणाले. धुक्यात आजूबाजूला कोणीच दिसत नव्हतं.

माणूस निघून जातो, पण त्याच्या ओठांना लागलेला हा तुकडा वर्षानुवर्षं कुजत नाही. या मातीत किती जणांचे श्वास असे पडून असतील, असं मनात आलं.

वहिनींनी ते थोटूक दगडावर घासून विझवलं. मग रिकाम्या बाकाकडे बघत, घरात बोलायच्या तशाच आवाजात त्या म्हणाल्या, "अहो, निदान कचऱ्याच्या डब्यात तरी टाकत जा."

खालच्या झाडीतून कोणीतरी दोनदा खोकलं. आम्ही दोघींनीही वाकून पाहिलं नाही.