एका गाठोड्यात तिघं
सत्तरच्या दशकात मी नागपुरात पुरातत्त्व शिकत होते. वर्गात एकटीच मुलगी, आणि तोंडानं फटकळ. नरखेडकडच्या एका काकाजींच्या संत्र्याच्या बागेत विहीर खोदताना माणसांची हाडं निघाली, सोबत लोखंडी बेड्या. सरांनी निरोप धाडला, हात लावू नका, आम्ही येतोच. एसटीनं धक्के खात पोहोचलो, तर काकाजींनी हाडं दुधानं धुऊन, हळद-कुंकू लावून, नव्या धोतरात बांधून ठेवलेली. तीन कवट्या आणि बाकी सगळी खिचडी.

सरांनी कपाळाला हात लावला. माझा पारा चढला. "काकाजी, कोणाचा हात, कोणाचा पाय, आता कसं कळणार?"

"अवं पोरी, पाहुने घरी आले त पाय धुवाले पानी देत नाही का आपन?"

काकाजींचा जीव त्या गाठोड्यात अडकलेला. त्यांच्या पणज्याला इंग्रजांनी लढाईत धरून नेलं, तो परत आलाच नाही. तिथी ठाऊक नाही म्हणून दर सर्वपित्रीला घरात त्याच्या नावानं एक पत्रावळ वाढत.

"या तिघात तो आहे का, तेवढं सांगजो बाई. माहा बाप वाट पाहून पाहून गेला."

गाठोडं मांडीवर घेऊन परत निघाले. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "संत्रे आहेत का वं?" म्हटलं, "नाही, पाहुणे आहेत." धरमपेठेत घरी पोहोचले तर आईनं अंगणातच आंघोळ करायला लावली.

मग कॉलेजात आठ दिवस हाडं जुळवत बसले. डाव्याला उजवं, सांध्याला सांधा. हळदीनं बोटं पिवळी झाली, आणि काकाजींना मी रोज मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. शेवटी टेबलावर तीन माणसं नीट निजली. तिघांच्याही नडगीचं हाड घोट्याच्या वर खडबडीत झालेलं. म्हणजे जिवंतपणी महिनोन्‌महिने बेड्या घासल्या होत्या. कैदीच ते! मी तर नाचायचीच बाकी होते.

सरांनी गळ्याजवळची हाडं दाखवली. टोकं अजून जुळलेली नव्हती. अक्कलदाढा जबड्यातच. तिघंही विशीच्या आतबाहेरची पोरं. काकाजींचा पणजा तर नातू मांडीवर खेळवून गेलेला.

"सर, यातला एक तोच आहे म्हणून सांगून टाकू. त्यांना बरं वाटेल."

"मग आठ दिवस हाडं कशाला जुळवलीस?"

सांगायला मीच गेले. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वय किती म्हनलं तू?"

"वीसेक."

"लेकरंच की."

सर्वपित्रीला त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. वडे, कढी, खीर. पाहते तर भिंतीशी एकीऐवजी चार पत्रावळी वाढलेल्या. मी विचारलं, "काकाजी, या तीन काहून?"

"त्या पोरायच्या. त्यायच्या मायले कुठं ठाऊक, ते आमच्या वावरात आहेत म्हनून?" त्यांनी चौथ्या पत्रावळीवर खीर वाढली. "आमचा बुढाबी असाच कोनाच्या वावरात पडून असन. वाढत असन त्यालेबी कोनी. बस आता, कढी थंडी होऊन राहिली."

मी हात धुऊन त्या चार पत्रावळींच्या शेजारी जेवायला बसले.