अर्ध्या घराचा कागद

मंगला परबला गेला महिनाभर एका जागी बसवत नव्हतं. आखातात, जुफैरच्या एका दाताच्या दवाखान्यात ती सहायक. दिवसभर उभ्यानं काम, त्यामुळे घरी आली की पाय वर घेऊन पडणारी बाई. पण कुडाळजवळच्या गावात नुकत्याच बांधून झालेल्या घराचा फोटो दिरानं पाठवला आणि तिच्या पायांना भिंगरी लागली. दारावर ग्रॅनाइटची पाटी होती. पाटीवर सासऱ्यांचं नाव, नवऱ्याचं नाव, दिराचंसुद्धा नाव. तिचं नव्हतं.

सतरा वर्षं तिचा निम्मा पगार त्या भिंतींत गेला होता. जमीन सदानंदच्या, म्हणजे नवऱ्याच्या नावावर, म्हणून घरही त्याचंच. उद्या भावाच्या नादानं याचं डोकं फिरलं तर आपल्याच घरात आपण पाहुणी, हे तिला रात्रंदिवस टोचत राहिलं. भाजी चिरता चिरता ती गॅलरीत जाई, तिथून परत येई, आणि आपण कशाला गेलो होतो तेच विसरे.

"अर्धा घर माझ्या नावार करा. कागद करा," तिनं सांगून टाकलं.

सदानंद हिद्दला बंदराजवळ क्रेन चालवायचा. माणूस सरळ, पण दोन वाक्यं सलग बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर येई. पंधरा दिवस घरात नुसती भांडणं झाली. शेवटी तो म्हणाला, "करतंय. खलास."

आणि त्यानं स्वतःच कागद लिहिला. आता या गृहस्थाला लिहिण्याची सवय कसली? कामावर क्रेनला साधा ओरखडा आला तरी फॉर्म भरावा लागतो: काय घडलं, का घडलं, पुढे काय करणार. तेवढं एकच लिखाण त्याला ठाऊक. त्यानं लिहिलं: 'घटना: पती-पत्नीत सतत भांडण. कारण: पत्नीने सतरा वर्षे पगार घालूनही घरावर तिचे नाव नाही. उपाय: अर्धे घर पत्नीस देत आहे. पुढे वेगळे झालो तरी ते तिचेच.' खाली दोघांच्या सह्या, साक्षीला दोन शेजारी.

मंगलाला आधी हसू आलं. मग तिनं सतरा वर्षांची ती ओळ तीनदा वाचली आणि तिला भरून आलं. तिच्या कष्टांबद्दल आजवर कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

कागदाचा फोटो कुडाळच्या विशाखा वकिलांना पाठवला. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, त्यांचा व्हिडिओ कॉल आला.

"या कागदाचा उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर नवऱ्यानं बायकोला काही नुसतंच देऊ केलं, तर कायदा ते मानतो. पण ते प्रेमापोटी हवं, लेखी हवं आणि नोंदवलेलं हवं. तुम्ही तर पहिल्याच ओळीत भांडण घातलंय. प्रेम नाही, असं स्वतःच लिहून दिल्यासारखं झालं. आणि 'वेगळे झालो तर' असलं काही आधीच ठरवलेलं कोर्टाला खपत नाही."

मंगला ताडकन उठली. "बगलात? प्रेम खयच्या रकान्यात लिवलात?"

"मी खरा ता लिवलंय," सदानंद पुटपुटला. "कारण विचारतत, तेव्हा कारण लिवचा लागता."

"त्यापेक्षा सरळ बक्षीसपत्र करू," वकीलबाई म्हणाल्या. "सुट्टीवर आलात की इथं येऊन नोंदवायचं. त्यात लिहायचं, नैसर्गिक प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता पत्नीला अर्धं घर देत आहे. प्रेम लिहायला हरकत नाही ना?"

सदानंदचे कान लाल झाले. "लिवा. प्रेम हा," तो म्हणाला. ही गोष्ट त्यानं बायकोला कधी सांगितली नव्हती, आणि सांगितली ती वकिलाला. मंगलाला क्षणभर फार बरं वाटलं. मग मागचे शब्द तिच्या ध्यानात आले.

"मोबदला न घेता म्हणजे? माझा पगार काय झाला? ती सतरा वर्षांची ओळ ठेवा ना त्यात."

"ती ठेवली तर बक्षीस राहत नाही. पगाराचाच हक्क सांगायचा तर कोर्टात जाऊन एकेक पावती दाखवावी लागेल. आहेत पावत्या?"

पावत्या कसल्या? नवऱ्याकडून कुणी पावती घेतं का? ती गॅलरीपर्यंत गेली आणि परत आली.

"आमका दोघांक ठावक हा ना, मगे पुरे नाय?" सदानंद म्हणाला.

"दोघांक ठावक होता म्हणानच सतरा वर्षा गेली."

तो मान खाली घालून बसला. मंगला स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. खरं लिहिलेला कागद टिकत नव्हता आणि टिकणाऱ्या कागदात तिचे कष्ट कुठंच नव्हते. तिला रडावंसं वाटलं, आणि ओरडावंसंही.

"मंगलाताई," फोनमधून आवाज आला, "घेणाऱ्यानं बक्षीस स्वीकारलं, असंही लिहावं लागतं. तुम्ही स्वीकारता ना?"

सदानंदनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती येऊन फोनसमोर बसली.

"स्वीकारते," ती म्हणाली. "पण माझंच मला मिळालं म्हणून मी आभारी आहे, असं मात्र कुठं लिहू नका."